पंचमहाभूते, मंत्रतंत्र आणि काल : देवऋषीच्या उपचारांकडे वैद्याने कसे पाहावे?

सुश्रुतसंहितेत आयुर्वेदाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत भूतविद्या हे चौथे अंग होय. शल्य, शालाक्य व कायचिकित्सा यांच्यानंतर आणि कौमारभृत्याच्या आधी त्याला स्थान दिलेले आहे. तथापि व्यवहारात या अंगाविषयी बोलण्याचे आपण सहसा टाळतो. कोणी अंधश्रद्धेचा शिक्का मारील, अशी एक धास्ती असते. आणि मौन सोडलेच तर गावातील देवऋषी दुखावेल, ही दुसरी. परिणामी ज्या क्षेत्रावर शास्त्राचा अधिकार आहे ते आपण मोकळे सोडले, आणि मोकळे क्षेत्र फार काळ रिकामे राहत नाही.

आमचा व्यवसाय आंबेगाव तालुक्यातील लोणी व परिसरात चालतो. हा तालुक्याचा पूर्वेकडील, पर्जन्यछायेतील भाग. पश्चिमेकडे डिंभे धरणापलीकडे भीमाशंकरच्या डोंगररांगांत महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. तेथे भगत हा एकाच वेळी देवाचा माणूस आणि वनस्पतींचा जाणकार असतो. आमच्या बाजूस खंडोबा-भैरवनाथाची ठाणी, शेजारच्या धामणीचा म्हाळसाकांत, आणि गावोगाव एखाददुसरा देवऋषी. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या कपाळी अंगारा असतो, दंडाला काळा दोरा असतो, आणि पुष्कळदा दोन-तीन दिवस वाया गेलेले असतात. प्रस्तुत लेखात या उपचारांत पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांचा उपयोग कसा केला जातो, त्यांतील शास्त्राशी जुळणारे काय, न जुळणारे काय आणि घातक काय, याचा विचार करावयाचा आहे. औषधी भांडार चालविणाऱ्या बंधूंनीही हा लेख अवश्य वाचावा. कारण उताऱ्याची बरीचशी सामग्री त्यांच्याच गल्ल्यावरून जाते.

शास्त्रात काय सांगितले आहे

देवऋषीच्या पद्धतीत पाचही भूते येतात. माती, भस्म, मीठ व भंडारा ही पृथ्वी. भारलेले पाणी व तीर्थ हे जल. धुपारा, चटका व ओवाळलेला दिवा हा अग्नी. फुंकर आणि मोरपिसांच्या कुंच्याने झाडणे हा वायू. आणि मंत्र म्हणजे शब्द, तो आकाशाचा गुण. हे सारे पाहून एखाद्या तरुण वैद्यास वाटते की हाही आपल्याच पांचभौतिक सिद्धांताचा लोकाविष्कार आहे. पाश्चात्त्य देशांतही असेच दिसते. तेथे ग्रीकांच्या काळापासून मुख्यतः चार तत्त्वे मानली गेली. ब्रिटनमध्ये जादूटोण्याविषयीचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये आपल्या पंथाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या परंपरेच्या विधींत चार दिशांना चार तत्त्वांचे आवाहन केले जाते. मनुष्य कोठलाही असो, भयाच्या वेळी तो हाताशी असलेल्या माती-पाण्याकडे व अग्नीकडेच वळतो, एवढे यावरून दिसते. ते स्वाभाविकच आहे. मात्र त्यावरून उपचार सिद्ध होत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रह सांगताना आकाशादी पंचमहाभूतांबरोबर आत्मा, मन, काल आणि दिशा यांचीही गणना केली आहे. द्रव्ये नऊ, पाच नव्हेत. पुढच्याच अध्यायात युक्ती ही मात्रा व काल यांवर अवलंबून असते, असे स्पष्ट केले आहे. देवऋषीच्या विधीत पाच भूते असतात, दिशाही असते (उतारा तिठ्यावर कोणत्या तोंडाने ठेवावा हे तो नेमके सांगतो), रुग्णाच्या मनाची पकडही असते, आणि ही पकड आपल्यापेक्षा पुष्कळदा अधिक घट्ट असते, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. नसतो तो काल. अमावास्या, शनिवार, तिन्हीसांज हे मुहूर्त त्याच्यापाशी आहेत. परंतु व्याधीचा काल, म्हणजे दोष कोणत्या अवस्थेत आहे व किती घटिका हाती आहेत, याचा हिशेब त्याच्यापाशी नाही. आमच्या मते वैद्य आणि मांत्रिक यांच्यातील खरा भेद येथेच आहे.

आता भूतविद्येविषयी. दैवव्यपाश्रय चिकित्सेत मंत्र, मणी, मंगल, बली, होम, उपवास इत्यादींचा उल्लेख आहे, हे कोणी नाकारू नये. पण त्याच ग्रंथकारांनी घातलेल्या मर्यादाही वाचाव्यात. चरकाच्या निदानस्थानातील उन्मादाच्या अध्यायात असे प्रतिपादन आहे की देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस हे स्वतःच्या कर्माने पीडित न झालेल्या मनुष्यास पीडा देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात शोधावे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील अमानुषोपसर्गप्रतिषेध या अध्यायात तर त्याहूनही कठोर विधान आहे. देवादिक माणसांत शिरत नाहीत. मोहाने ते शिरतात असे म्हणणाऱ्यांना भूतविद्येच्या क्षेत्रातून दूर सारावे, असा त्याचा आशय आहे. त्यांचे अनुचर मात्र पीडा देतात, असे त्याच अध्यायात मानले आहे, हेही सांगितले पाहिजे. तरीही देव अंगात आणून कौल देणाऱ्यास तेथे आधार मिळत नाही. ‘शास्त्रातच भुताटकी आहे’ असे सांगत फिरणारे व्यवसायबंधू हा अध्याय उघडत नाहीत, एवढेच आम्ही खेदाने नमूद करतो.

अग्नी आणि धूर

पाच भूतांत सर्वाधिक अपाय अग्नीने होतो. मेळघाटात अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा वृत्तपत्रांतून वारंवार समोर आली आहे. आपल्या भागात तिचे नाव वेगळे असेल; पोट फुगलेल्या, रडणाऱ्या बाळाला ‘डाग’ देण्याची कल्पना मात्र अपरिचित नाही. यावर कोणी आपल्याला अग्निकर्माचा दाखला देईल. त्याला उत्तर सुश्रुतानेच देऊन ठेवले आहे. सूत्रस्थानात अग्निकर्मास अयोग्य अशी यादी आहे, तीत बाल, वृद्ध, दुर्बल, भित्रा, पित्तप्रकृतीचा, कोष्ठ फुटलेला असे रुग्ण आहेत; आणि शरद व ग्रीष्म हे ऋतू वर्ज्य मानले आहेत. ज्या शास्त्राने दहनकर्माला इतका मान दिला त्याच शास्त्राने बालकाला त्यातून वगळले. बालकाला चटका देणारा कोणीही सुश्रुताचे नाव घेण्यास पात्र नाही.

धुराविषयी अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण येथे आपला आणि देवऋषीचा माल एकच असतो. राळ, ऊद, गुग्गुळ, वेखंड, हिंग, मोहरी, कडुनिंबाची पाने ही सर्व द्रव्ये रक्षोघ्न म्हणून ग्रंथांत येतात. चरकाच्या शारीरस्थानात जातिसूत्रीय अध्यायात जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वचा आदी द्रव्ये तुपासह जाळून धूपन करावे असे सांगितले आहे. परंतु हे धूपन कशाचे? बालकाची वस्त्रे, अंथरूण, पांघरूण यांचे. बालकाच्या नाकातोंडात धूर कोंडण्याचे नव्हे. घरोघरी आज काय चालते? खोलीची दारे-खिडक्या लावून, बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि तीतच दृष्टीची मीठ-मोहरी-मिरची. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माता सुस्त झाली, डोके दुखू लागले की ‘बाहेरचे लागले’ म्हणून आणखी धुरी दिली जाते. आपल्या व्यवसायबंधूंनी बाळंतिणीच्या घरी गेल्यावर नाडी पाहण्याआधी खिडकी उघडावी.

मिरचीच्या धुरीबद्दल शास्त्रार्थाची आवश्यकताच नाही. तमकश्वासाच्या रुग्णास ती प्राणघातक ठरू शकते. आणि उन्मादाच्या रुग्णास बांधून ती देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. दि. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नरबळी, अमानुष व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधणे, मारहाण, चटके आणि मिरचीची धुरी यांचा नावानिशी समावेश आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. पूजा, भजन, कीर्तन, वारी यांना या कायद्याने हात लावलेला नाही. कायदा धर्माविरुद्ध आहे असा समज अजूनही गावोगाव आढळतो. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

माती, पाणी आणि गल्ल्यावरचा माल

देवऋषीचा अंगारा हा बहुधा शेणीच्या राखेचा असतो. कपाळी लावला तर त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, नवजात बालकाच्या नाळेवर राख लावली असता धनुर्वाताचा धोका संभवतो. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ते लसीकरण आणि स्वच्छ प्रसूतीमुळे साधले आणि ते राखायचे असेल तर नाळ कोरडी व उघडी राहिली पाहिजे. दोन, अंगाऱ्यात शेंदूर मिसळून तो चाटविला जातो तेव्हा. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. मुलाला पोटशूळ, मलावरोध, पांडुता येते, अभ्यासात मागे पडते. आणि घरचे त्याच देवऋषीकडे पुन्हा जातात. भंडाऱ्याचेही तसेच. खंडोबाचा भंडारा म्हणजे हळद, हे खरे. पण भंडारा म्हणून विकली जाणारी प्रत्येक पिवळी भुकटी हळद असतेच असे नाही. म्हणून पोटात घेण्यासाठी हळद मागणाऱ्यास भंडाऱ्याची पुडी कदापि देऊ नये.

औषधी भांडारांच्या चालकांना येथे विशेष विनंती आहे. उताऱ्याची चिठ्ठी घेऊन येणारा गिऱ्हाईक काय काय मागतो? बिब्बे, शेंदूर, हिंगूळ, मनःशीळ, हरताळ, धोत्र्याचे बी, गुंज. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत विषारी द्रव्यांची जी यादी आहे तीत यांपैकी प्रत्येक द्रव्य आहे. ‘देवाला हवे आहे, पोटात कोण घेतो’ हे उत्तर पुरेसे नाही. गिऱ्हाईक पुडी घरी नेतो आणि घरात मुले असतात. बिब्ब्याचेच पाहा. भल्लातक शोधनासाठी आपण तो विटेच्या चुऱ्यात घासतो, हातांना खोबरेल लावतो. आणि तोच बिब्बा खिळा टोचून दिव्यावर धरावा, तेल गळाले की लेकराच्या कपाळी ठिपका द्यावा, असे सांगितले जाते. त्या ठिपक्याचा व्रण आम्ही अनेक चेहऱ्यांवर पाहिला आहे. गिऱ्हाईक बिब्बे मागत असेल तर ‘कशासाठी?’ एवढे विचारावे. माल नाकारून धंदा बुडत नाही. आमच्या ओळखीचे दुकानदार उताऱ्यासाठी लिंबू, नारळ, अक्षता देतात आणि अनुसूचीतील द्रव्य वैद्याच्या चिठ्ठीवाचून देत नाहीत. शिवाय १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम ताईत, मंत्र, कवच यांच्या रोगनिवारक जाहिरातीस मनाई करतो. दुकानाच्या दर्शनी भागात ‘सिद्ध ताईत मिळेल’ असा फलक लावणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पाण्याचा प्रसिद्ध प्रयोग म्हणजे कावीळ उतरविणे. रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळे होते, आणि पित्त उतरले असे सर्वांना दिसते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुन्याच्या संयोगाने तो पिवळा रंग देतो. निरोगी माणसाचे हातही तसेच ‘उतरतात’, हे आपल्या दवाखान्यात कोणासही करून दाखविता येईल. हे करून दाखविताना थट्टेचा सूर ठेवू नये. कामलेचा पुष्कळ रुग्ण पथ्यानेच बरा होतो व श्रेय चुन्याला जाते. पण गर्भिणीची कामला, ज्वरासह येणारी कामला आणि मातकट मलाची शाखाश्रित कामला यांना चुन्याच्या पाण्यात आठवडा घालविणे परवडणारे नाही.

फुंकर व झाडणे यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मोरपिसाच्या स्पर्शाने आणि लयीत म्हटलेल्या शब्दांनी घाबरलेला रुग्ण शांत होतो; सत्त्वावजय चिकित्सेच्या अभ्यासकाने ते अवश्य पाहावे. अंगात येणारी सासुरवाशीण त्या पाच मिनिटांत जे बोलते ते एरवी तिला बोलू दिले जात नाही. तिला झाडून गप्प करण्यापेक्षा तिचे ऐकणे हीच निम्मी चिकित्सा होय. प्रसूतीनंतर पंधरवड्यात अचानक बहकलेली स्त्री मात्र त्वरित मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवावी. तिच्या व बाळाच्या जिवाचा प्रश्न असतो. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

‘पान लागले’ म्हणजे

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहावयास घेतला तो. आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. दंश झाला तर ‘पान लागले’ म्हणतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आहेत आणि या चौघांवर चालणारे प्रतिसर्पविष एकच आहे.

देवऋषीपाशी पाचही भूते याच प्रसंगी एकत्र येतात. दंशावर माती, पिण्यास भारलेले पाणी, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन ‘कडू लागते का’ ही परीक्षा, धुपारा, कानात मंत्र. कोठे कोंबडीची पिले दंशाला दाबून धरतात; ती गुदमरून मरतात आणि विष ओढले असे सांगतात. यश का दिसते? कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. असे दहा रुग्ण मंत्राने ‘बरे’ होतात. अकरावा मरतो तेव्हा ‘वेळ भरली होती’ म्हणतात.

आपल्या ग्रंथांचेही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. चरकाच्या विषचिकित्सिताध्यायात चोवीस उपक्रम आहेत. त्यांत मंत्र आहे, अरिष्टाबंधन आहे, उत्कर्तन, चूषण व अग्नीही आहे. ज्या काळी प्रतिविष नव्हते त्या काळी ते सर्वोत्तम होते. आज करकचून बांधलेल्या दोरीने अवयव कुजतो, चिरा दिल्याने घोणसाच्या विषात रक्त थांबत नाही, चूषणाने काही साधत नाही. ग्रंथावरील निष्ठा म्हणून रुग्णास चिरा देणारा वैद्य हा काल न जाणणारा वैद्य होय. अवयव हाड मोडल्याप्रमाणे फळीने स्थिर करावा, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढावीत, रुग्णास चालवू नये, उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवावे आणि निघावे.

मण्यारीचा दंश हा यांत सर्वांत फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास ती चावते. वेदना नाही, सूज नाही, पुष्कळदा खूणही नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, घशात काही अडकल्यासारखे वाटणे; मग पापण्या जड होतात, आवाज नाकात जातो, मान सावरत नाही. शेवटी श्वास. ही लक्षणे ‘बाहेरच्या’ वर्णनाशी इतकी जुळतात की देवऋषीला दोष देण्याआधी थोडे थांबावे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वस्तीवरील तरुण स्त्री आमच्याकडे सकाळी आठच्या सुमारास आणली गेली. ती कांद्याच्या बराखीशेजारी जमिनीवर झोपली होती. पहाटे चारला पोट दुखू लागले; घरच्यांनी देवऋषी बोलावला; उतारा झाला, मोहरीची धुरी झाली. आम्ही पोट तपासले आणि, सांगावयास लाज वाटते, अजीर्णजन्य शूळ म्हणून औषध दिले. ती डोळे मिटून बसली होती. आम्हांस वाटले, रात्रीचे जागरण. अर्ध्या तासाने पाण्याचा घोट तिच्या नाकातून परत आला, तेव्हा आम्ही तिच्या पापण्या पाहिल्या. त्या मिटलेल्या नव्हत्या, पडलेल्या होत्या. वाहन मिळवून तिला रुग्णालयात धाडले. प्रतिविष आणि कृत्रिम श्वसनावर कित्येक दिवस काढून ती वाचली. देवऋषीने चार तास घालविले आणि आम्ही अर्धा. प्रमाण वेगळे, दोष एकाच जातीचा.

दुसरी चूक पुढची. त्या संतापात आम्ही त्या वस्तीवर जाऊन देवऋषीस चारचौघांत फैलावर घेतले. लोक ऐकून घेत होते, आम्हांस समाधान वाटले. पुढच्याच वर्षी त्याच वस्तीवर एका शेतमजुराच्या पायाला घोणस चावली. त्यास आमच्याकडे आणलेच नाही. देवऋषीनेही, वैद्य पुन्हा अपमान करील म्हणून, कोणास कळू दिले नाही. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा त्यास हलविले. मूत्रपिंडे निकामी होऊन तो माणूस गेला. आमचा युक्तिवाद बिनतोड होता, पण त्या युक्तिवादाने एक रुग्ण आमच्या दारापासून दूर नेला.

त्यानंतर आम्ही त्या देवऋषीच्या घरी गेलो. वाद घातला नाही. त्याला एवढेच विचारले की पान लागलेला माणूस तुझ्याकडे आला तर तू अंगारा किती वेळात लावतोस? तो म्हणाला, पाच मिनिटे. मग ती पाच मिनिटे गाडी येईपर्यंत घे, असे ठरले. अंगारा लाव, मंत्र म्हण, हवे तर गाडीत बसून म्हण. बांधायचे नाही, चिरायचे नाही, धुरी नाही, पोटात काही द्यायचे नाही, आणि पहाटे पोट दुखून पापण्या पडल्या तर ते पान लागलेच असे समजून पाठवायचे. हे त्याला पटले, कारण त्याचा मान कोठे जात नव्हता. कायद्याच्या दृष्टीनेही हीच रेषा महत्त्वाची आहे: साप, विंचू वा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हे वर उल्लेखिलेल्या अनुसूचीत गुन्हा म्हणून आले आहे. तेही त्याला सांगितले. धमकीच्या सुरात नव्हे.

पश्चिम भागातील भगतांबाबत तर हे अधिक सोपे असावे. आपल्या त्रिफळ्यातला हिरडा त्याच डोंगरांतून, त्याच समाजाच्या हातून येतो. बाळहिरडा कोणत्या आठवड्यात वेचावा हे भगतास ठाऊक असते, आणि वाडीवर कोण आजारी आहे हेही आपल्याआधी त्यालाच कळते. वनौषधी खरेदीसाठी ज्याच्या ओसरीवर आपण बसतो, त्याच्याशी दंशाविषयी दोन शब्द बोलण्यास अडचण कसली?

व्यवसायबंधूंनी पावसाळ्यापूर्वी काही तयारी करून ठेवावी. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष शिल्लक आहे की नाही याची दर पंधरवड्यास चौकशी करावी. आमच्या भागाला मंचरचे उपजिल्हा रुग्णालय सोयीचे पडते, परंतु कृत्रिम श्वसनाची सोय कोठे आहे हे वेगळे विचारावे लागते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर आपलेच अनेक आयुर्वेद पदवीधर काम करतात, त्यांच्याशी परिचय असावा. दवाखान्यात काचेच्या स्वच्छ, कोरड्या चाचणीनळ्या ठेवाव्यात: दोन मिलिलिटर रक्त घेऊन नळी वीस मिनिटे न हलविता उभी ठेवावी, नंतर तिरपी केली असता रक्त गोठलेले नसेल तर घोणस वा फुरशाचे विष रक्तात उतरले आहे. ही परीक्षा वाहनाची वाट पाहताना करावी, तिच्यासाठी वाहन थांबवू नये. आणि रक्त गोठले म्हणून रुग्णास घरी धाडू नये, कारण नाग व मण्यारीच्या विषात ते गोठतेच. रुग्णासोबत द्यावयाच्या चिठ्ठीवर दंशाची वेळ, प्रथम लक्षणाची वेळ, पापण्यांची अवस्था, आणि देवऋषीने काही पोटात दिले असल्यास ते काय, हे लिहावे. शेवटची बाब नातलग आपणहून सांगत नाहीत; न रागावता विचारले तर सांगतात.

आमच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाच्या दारावर आता एक कागद चिकटविला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहिले आहे: पहाटेचे पोटदुखणे — पापण्या पाहा.